डिस्ने वर्ल्डच्या जुन्या चाहत्यांची जादू नेमकी कुठे हरवते?

तुम्ही विचारलंय की मुलं लहान असल्यापासून आम्ही फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जातोय, पूर्वी तो किल्ला नुसता दिसला तरी अंगावर काटा यायचा, आणि आता गेटातून आत शिरल्याशिरल्या चिडचिड सुरू होते. पार्क बिघडलं की माझंच वय झालं? आणि वार्षिक पास पुन्हा काढावा का?

मी टँपाला राहते, गाडीने तास-सव्वा तासाच्या अंतरावर. फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी माणसाला एक बिनपगारी नोकरी आपोआप लागते. सुट्टीत भारतातून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला डिस्ने 'करून' आणायचं. त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा जास्तच पक्की आहेत, तेवढं समजून घ्या.

चाहत्यांमध्ये याचं एक ठरलेलं उत्तर आहे. फार वेळा गेलं की सगळं कळून चुकतं, आणि कळलं की जादू संपते. मला हे अजिबात पटत नाही. डिस्नेच्या बाबतीत तर कळण्यातच अर्धी मजा आहे.

हाँटेड मॅन्शन या भूतबंगल्याच्या राइडमधला तो भुतांचा नाच घ्या. समोरच्या दिवाणखान्यात आरपार दिसणारी जोडपी गिरक्या घेत असतात. युक्ती जुनी आहे. १८६०च्या दशकात लंडनच्या रंगभूमीवर जॉन हेन्री पेपर यांनी ती लोकप्रिय केली, म्हणून तिला 'पेपर्स घोस्ट' म्हणतात. आपण बसलेलो असतो त्याच्या वर आणि खाली, आपल्याला दिसणार नाहीत अशा जागी खरे पुतळे फिरत असतात आणि मधल्या प्रचंड काचेत त्यांचं प्रतिबिंब पडतं. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, त्यामुळे नीट पाहिलंत तर त्या जोड्यांमध्ये पुरुषाऐवजी बाई नाच पुढे नेताना दिसते. हे मला कळलं त्या दिवसापासून ती राइड मला जास्त आवडायला लागली. मी आता प्रत्येक वेळी मान वळवून शेवटपर्यंत त्या जोड्यांकडेच बघत बसते.

एकदा सांगलीची मावशी आली होती. तिला राइड्समध्ये काडीचा रस नव्हता. तिचा पहिला प्रश्न, "अगं, इतकी माणसं खातायत-पितायत, मग कचरा जातो कुठे?" मी तिला सांगितलं की मावशी, आपण आत्ता चालतोय तो खरं म्हणजे पहिला मजला आहे, तळमजला आपल्या पायाखाली आहे. फ्लोरिडात जमिनीखाली लगेच पाणी लागतं, म्हणून बोगदे खणायच्या ऐवजी जमिनीच्या पातळीवरच बांधले, आणि समोरचा तलाव खोदताना निघालेली माती वर टाकून त्यावर पार्क उभं केलं. कर्मचारी खालून ये-जा करतात, पोशाख बदलतात, कचराही खालच्या खाली नळ्यांतून ओढला जातो. असं म्हणतात की कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये काउबॉयच्या वेशातला एक कर्मचारी भविष्यकाळाच्या विभागातून चालत जाताना वॉल्ट डिस्ने यांना दिसला आणि तो त्यांना खटकला, तिथून ही कल्पना निघाली. मावशी उरलेला दिवस जमिनीकडे बघत चालली होती. तिला त्या किल्ल्यापेक्षा खालचा बोगदाच जास्त आवडला, न बघता.

किल्ल्याचंही तसंच. उंची १८९ फूट, पण वर वर जाताना विटा, खिडक्या सगळं लहान होत जातं, म्हणून तो आहे त्यापेक्षा बराच उंच वाटतो. ज्या इमारती आपल्या लक्षात येऊ नयेत त्यांना मुद्दाम एक मरगळलेला हिरवा रंग दिलेला असतो. या गोष्टी कळल्यावर कुणाची जादू गेलेली मी तरी पाहिली नाही. उलट असं काही सांगताना जुन्या चाहत्यांचे डोळे चमकतात.

मग जादू जाते कशाने? माझ्या मते हिशेबाने. कुठल्या राइडला किती मिनिटांची रांग आहे हेही शेवटी ज्ञानच, पण ते वेगळ्या जातीचं. पहिल्या ज्ञानाने तुम्ही समोरच्या गोष्टीकडे अधिक निरखून बघता. दुसऱ्याने तुम्ही समोरचं सोडून पुढच्या गोष्टीकडे धावता. नियमित जाणाऱ्याकडे हे दुसरं ज्ञान साठत जातं. कुठल्या दिवशी गर्दी कमी, परेडच्या वेळी कुठली रांग रिकामी, पावसाची सर आली की कुठे पळायचं. असा माणूस कुटुंबातल्या सगळ्यांना खूश ठेवतो आणि स्वतः लग्नातल्या वधूपित्यासारखा फिरतो. पाहुण्यांना जिलबी पोचली की नाही हे त्याला माहीत असतं, जिलबी कशी झालीय ते माहीत नसतं.

यात दोष एकट्या चाहत्याचा नाही. हा हिशेब पार्कने पद्धतशीरपणे आपल्या हातात दिला आहे. १९९९मध्ये फास्टपास आला तेव्हा तो कागदी आणि फुकट होता. चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळी परत यायचं आणि वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जायचं. मग तो मनगटाच्या पट्ट्यावर आणि फोनवर गेला. करोनानंतर, ऑक्टोबर २०२१मध्ये, त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची जीनी प्लस ही सोय आली, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर. जुलै २०२४मध्ये तिचं नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झालं आणि आगाऊ नोंदणी सुरू झाली. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातच्या ठोक्याला. त्याच वर्षाच्या शेवटी प्रीमियर पास नावाचा आणखी महागडा प्रकार निघाला, ज्यासाठी गर्दीच्या दिवसांत एका माणसाला एका दिवसाचे चारशे डॉलरहून जास्त पडू शकतात, प्रवेशाचं तिकीट वेगळं. सुट्टी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी गजर लावून उठायचं आणि फोनशी झटापट करायची, हे आता कित्येक घरांत सहलीचाच भाग मानलं जातं.

इथे जुने चाहते एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. १९७१मध्ये मॅजिक किंगडम, म्हणजे डिस्ने वर्ल्डमधलं किल्ल्याचं पार्क, उघडलं तेव्हाही राइडगणिक पैसे मोजावे लागत होते. साडेतीन डॉलर प्रवेशाचे, आणि राइडसाठी कुपनांचं पुस्तक, 'ए'पासून 'ई'पर्यंत. 'ई'चं कुपन सगळ्यात भारी राइडसाठी. एकदा पैसे भरा आणि दिवसभर हवं तितकं फिरा ही पद्धत तिथे १९८०च्या दशकात आली. तेव्हा "पूर्वी सगळं फुकट होतं" हे काही खरं नाही. फरक आहे तो असा की कुपन कितीही असली तरी रांग एकच होती. गाडीतून उतरलेला वकील आणि बसमधून आलेला मेकॅनिक एकाच दोरीमागे उभे राहायचे, आणि वाट बघणं हे प्रत्येकाच्या वाट्याला सारखंच यायचं. आता शेजारच्या मोकळ्या वाटेने माणसं भराभर पुढे जाताना दिसतात. ते बघत ४० मिनिटं उभं राहणं आणि रांग एकच असताना ४० मिनिटं उभं राहणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. खुद्द कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी मार्च २०२३मध्ये गुंतवणूकदारांपुढे कबूल केलं होतं की नफा वाढवण्याच्या उत्साहात काही किमतींबाबत आपण जरा जास्तच आक्रमक झालो असू. त्यानंतर किमती उतरल्या असं मात्र कुणी म्हणणार नाही.

आता पार्क बिघडलं का, याबद्दल. काही गोष्टी खरोखरच गेल्या आणि त्यांचं वाईट वाटणं अगदी रास्त आहे. १९९८मध्ये मिस्टर टोड या गोष्टीतल्या बेडकाची राइड बंद करायचं ठरलं तेव्हा चाहत्यांनी पार्कात जमून निषेध केला होता. उपयोग झाला नाही. तिथे विनी द पूची राइड आली. पण बनवणाऱ्यांनी आत एक तसबीर ठेवली, ज्यात टोड त्या जागेचा कागद घुबडाच्या हाती देतोय. घर रीतसर विकलंय म्हणे! शिवाय हाँटेड मॅन्शनबाहेरच्या प्राण्यांच्या दफनभूमीत टोडचा पुतळाही आहे. डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट या दुसऱ्या पार्कातली होरायझन्स ही राइड १९९९मध्ये बंद झाली. त्या राइडमध्ये भविष्यातल्या शेतीच्या देखाव्यापाशी संत्र्यांचा वास सोडायचे, आणि ती पाहिलेले लोक आजही आधी तो वासच आठवतात.

याचा मला तितका राग येत नाही. डिस्नेलँड कधीच पुरं होणार नाही, असं वॉल्ट डिस्ने स्वतःच म्हणत. आणि जुन्या काळाबद्दल फार हळवं व्हायचं असेल तर १७ जुलै १९५५चा डिस्नेलँडच्या उद्घाटनाचा दिवस आठवावा. खोट्या पासांवर हजारो लोक घुसलेले, नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतलेल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे. वेळ इतकी कमी होती की नळ किंवा संडास यांपैकी एकच तयार करणं शक्य होतं, वॉल्टनी संडास निवडले. बरोबरच केलं!

पण जुलै २०२५मध्ये मॅजिक किंगडममधली नदी, तिच्यातली वाफेवर चालणारी बोट आणि टॉम सॉयरचं बेट, तिन्ही एकदम बंद केली, 'कार्स' या चित्रपटावरच्या नव्या विभागासाठी. हे मला टोडपेक्षा जास्त लागलं. टोडच्या जागी राइडच आली होती. नदीची गोष्ट वेगळी. त्या बेटावर तराफ्याने जायचं, गुहांमध्ये चाचपडायचं, पिंपांवर तरंगणाऱ्या पुलावर डुगडुगायचं, आणि एखाद्या सावलीत बसून पलीकडून जाणारी बोट बघायची. तिथे आगाऊ नोंदणीची गरज नव्हती, ॲपवर मिनिटं बघावी लागत नव्हती, आणि एखादी खुर्ची रिकामी राहिली म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं. ज्या जागेचा हिशेब मांडता येत नाही ती जागा व्यवस्थापनाच्या नजरेला रिकामी दिसत असणार. नव्या विभागात गर्दी होईल, पोरं खूश होतील, यात मला शंका नाही. पण जुना चाहता ज्या जागी जाऊन हिशेब विसरायचा ती एक जागा कमी झाली.

वयाबद्दल विचारलंत, तर वयाचा संबंध मला फारसा दिसत नाही. या पार्कात सत्तरीतली जोडपी हातात हात घालून फिरताना दिसतात आणि पंचविशीतली पोरं फोनमध्ये डोकं घालून भांडताना. "मुलांच्या नजरेतून बघा, जादू परत येईल" असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मला तो आवडत नाही. आपल्याला भारावून जाता यावं म्हणून पोराने टाळ्या पिटायच्या, ही त्याच्यावर सक्ती आहे. पोरगं उन्हाने कावलेलं असतं, त्याला आइस्क्रीम हवं असतं, आणि बाप कॅमेरा रोखून म्हणत असतो, "बघ ना राजा, किल्ला बघ, हास ना!" असली दृश्यं तिथे दर दहा पावलांवर दिसतात.

तुमच्यासारख्यांना मी सांगते ते असं. पुढच्या खेपेला लाइटनिंग लेन घेऊच नका. ॲप फक्त जेवण मागवण्यापुरतं उघडा. संध्याकाळी चारनंतर आत शिरा. पीपलमूव्हर या संथ गाडीत बसा. १९७५पासून ती टुमॉरोलँड या भविष्यकाळाच्या विभागाच्या डोक्यावरून फिरतेय, रांग बहुतेक वेळा हलती असते, आणि ती स्पेस माउंटन या रोलरकोस्टरच्या अंधाऱ्या पोटातून जाते तेव्हा वरून किंचाळ्या ऐकू येतात. मावशीला पटलेली एकमेव राइड हीच, दोनदा बसली! एपकॉटच्या तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, तिथे एकही राइड न घेता संध्याकाळ काढा. मोनोरेलने हॉटेलांकडे चक्कर मारा, त्याला तिकीट लागत नाही. आणि जी एक राइड तुम्हाला मनापासून आवडते तिच्याबद्दल, ती बांधली कशी याबद्दल, जाण्याआधी वाचून जा. सगळ्या राइड्सबद्दल नको, एकीबद्दल.

पासचं म्हणाल तर, यंदा काढू नका. पास खिशात असला की "पैसे वसूल झाले पाहिजेत" हा हिशेब आपोआप सुरू होतो, मग कंटाळा आला तरी माणूस जातो, आणि गेलं की चिडतो. एकेका दिवसाचं तिकीट महाग पडतं, मान्य, पण ते तारखेप्रमाणे कमी-जास्त असतं. शाळा सुरू झाल्यानंतरचे ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस साधारणपणे स्वस्त असतात. उकडतं मात्र भयंकर, आणि वादळांचाही तोच हंगाम, तेव्हा छत्रीपेक्षा रेनकोट न्या.