वाचकांचे प्रश्न : स्लॅप शॉटची घाई नको

प्रश्न : माझा नातू टोरांटोमध्ये आइस हॉकी खेळतो. त्याचे प्रशिक्षक मुलांना स्लॅप शॉट मारू देत नाहीत, रिस्ट शॉटच पुन्हापुन्हा घोटून घेतात. फटक्यात जोर नसेल तर गोल कसा होणार? शिवाय एका सामन्यात त्याचे दोन फटके खांबाला लागले, तरी त्याच्या नावापुढे ‘शॉट्स ऑन गोल’ शून्यच होते, ते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : प्रशिक्षकांचे बरोबर आहे. स्लॅप शॉट दिसायला दणदणीत असतो आणि त्याचा वेगही खरा असतो. झ्डेनो चारा या बचावपटूने २०१२ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत ताशी सुमारे १७५ किलोमीटर वेगाचा फटका मारला होता. या फटक्यात स्टिक थेट पकवर, म्हणजे चेंडूऐवजी वापरल्या जाणाऱ्या रबरी चकतीवर, आदळत नाही. ती पकच्या किंचित मागे बर्फावर आपटते, त्यामुळे तिचा दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना साठलेली ताकद पकला देतो. मात्र त्यासाठी स्टिक मागे उगारावी लागते, आणि तेवढ्या अवधीत गोलरक्षक जागा घेतो, बचावपटू आडवा येतो.

रिस्ट शॉटमध्ये पक ब्लेडला, म्हणजे स्टिकच्या खालच्या पसरट भागाला, चिकटूनच असतो. खेळाडू तो मागच्या पायाजवळून पुढे ओढत आणतो, शरीराचा भार पुढच्या पायावर टाकतो आणि मनगटे वळवून तो सोडतो; फटका संपताना ब्लेडचे टोक जिकडे रोखलेले असेल, साधारण तिकडेच पक जातो. येथेही दांडा वाकतो, पण तो बर्फावर दाब देऊन. वेग कमी असला तरी फटका केव्हा सुटेल हे गोलरक्षकाला आधी कळत नाही, आणि जवळून मारताना वेगापेक्षा हाच फायदा मोठा असतो. स्नॅप शॉट या दोहोंच्या मधला : पक थोडा पुढे ठेवून, स्टिक जेमतेम मागे घेऊन झटका द्यायचा. आलेला पास न थांबवता थेट मारला की त्याला वन-टाइमर म्हणतात. अलेक्झांडर ओवेचकिनने ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५वा गोल करून वेन ग्रेट्झकीचा एनएचएलमधील ८९४ गोलांचा विक्रम मोडला; त्याच्या कारकिर्दीतील कितीतरी गोल गोलसमोर बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळातून मारलेल्या वन-टाइमरचे आहेत. उजव्या हाताच्या खेळाडूला त्या जागेवरून, उजवीकडून येणारा पास तसाच उचलून मारता येतो.

आपल्याकडील मैदानी हॉकीत स्टिकची सपाट बाजूच वापरता येते, येथे ब्लेडच्या दोन्ही बाजू चालतात. उलट्या बाजूने मारलेला तो बॅकहँड. ब्लेडला बाक असल्याने त्यात नेमकेपणा कमी असतो, पण त्याची दिशा ओळखणे गोलरक्षकालाही जड जाते.

नातवाचा फटका कमकुवत वाटत असेल तर आधी त्याची स्टिक तपासावी. तिच्यावरचा फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवण्यासाठी लागणारे पौंडांतील बल. खेळाडूच्या वजनाच्या, तेही पौंडांत, साधारण निम्मा आकडा असावा असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ४० किलोच्या मुलाला ४० ते ४५. पुढे उपयोगी पडेल म्हणून मोठ्यांची स्टिक कापून देण्याची हौस पालकांना असते, परंतु कापल्याने दांडा आणखी ताठ होतो आणि मुलाला तो वाकवताच येत नाही.

आता खांबाचा प्रश्न. ‘शॉट ऑन गोल’ म्हणजे गोलरक्षकाने अडवला नसता तर जाळ्यात गेला असता असा फटका, किंवा प्रत्यक्ष झालेला गोल. खांबाला किंवा आडव्या दांड्याला लागून परतलेला, बाहेर गेलेला आणि वाटेत बचावपटूने अडवलेला फटका त्यात धरत नाहीत. खांबाला लागून पक आत गेला तर मात्र गोलही मिळतो आणि शॉटही. नातवाचे ते दोन फटके, संघ तशी नोंद ठेवत असल्यास, केवळ प्रयत्नांच्या रकान्यात सापडतील.