तक्रार थांबली, एवढ्यावर खूश होऊ नका

ताई,

मी ३८ वर्षांचा आहे. हाताखाली ११ जणांची टीम. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो. बायकोही नोकरी करते, मुलगी सात वर्षांची आहे. आठवड्याला ६० तास सहज भरतात, वर रात्री साहेबांचे मेसेज. आधी यावरून घरात खूप वाद व्हायचे. आता वर्षभर कुणी काही बोलत नाही, सगळ्यांना सवय झाली आहे. मीही जमेल तेवढी घरात मदत करतो. तरी पहाटे चारला जाग येते आणि डोक्यात कामांची यादी सुरू होते.

परवा एक गंमत झाली. मुलगी बाहुलीशी खेळत होती. मध्येच तिने फूटपट्टी कानाला लावली, बाहुलीकडे न बघताच एक बोट वर केलं आणि म्हणाली, 'दोन मिनिटं हं.' मग उठून गेली. रात्री मी लॅपटॉप मिटला तेव्हा बाहुली भिंतीला टेकून तशीच बसलेली. मी खूप हसलो, पण नंतर झोप लागेना.

साहेबांना नाही कसं म्हणायचं? नोकरी न सोडता घरासाठी वेळ कुठून काढायचा? मला घरी यायचंय, पण मी तर घरीच असतो.

– अर्धा हजर

*

अर्धा हजर यांना,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा फूटपट्टीपाशी मलाही हसू आलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या वरच्या वाक्यावर अडकले. 'आता कुणी काही बोलत नाही.' हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय. मला मात्र अख्ख्या पत्रात त्याचीच धास्ती वाटली. जोवर माणसं भांडतात तोवर त्यांची तुमच्याकडून काहीतरी अपेक्षा असते. तुमच्या घरातल्या दोघींनी ती बहुधा आवरती घेतली आहे. तुमच्याशिवाय संध्याकाळ कशी काढायची हे त्या शिकल्या, आणि त्याला तुम्ही सवय म्हणताय.

अजून उशीर झालेला नाही. सात वर्षांची मुलगी तुमची नक्कल करतेय, म्हणजे तिचं लक्ष अजून तुमच्यावर आहे.

आधी आकड्यांचं बोलू, कारण ६० तास तुम्ही फार सहज लिहून टाकलेत. कारखान्यांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली, आपल्या पहिल्याच करारात घातली. याच संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त दिसला. पहाटे चारची जाग रोजची झाली असेल तर या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. 'हे काम संपलं की जातो' म्हणू नका. तुमचं काम संपत नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पण तुमच्या घरचं दुखणं फक्त तासांचं आहे, असं मला वाटत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट टाकून आपण दुसऱ्याकडे वळतो तेव्हा लक्षाचा एक तुकडा मागेच राहतो. तुम्ही खुर्चीतून उठता, मुलीशेजारी बसता, आणि डोकं त्या न पाठवलेल्या उत्तरापाशी असतं. मुलांना हे लगेच कळतं. माझा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना मला म्हणाला होता, 'आई, तू ऐकतेस खरं, पण हं कुठे म्हणायचं ते तुझं आधीच ठरलेलं असतं.' तेव्हा मी एका कचेरीत रात्री उशिरापर्यंत पानं लावायचे आणि स्वतःला मोठी कर्तव्यदक्ष समजायचे. त्याला मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. बहुतेक 'हं'च म्हटलं असेन.

लरॉय यांच्या नंतरच्या कामातून एक साधा उपायही निघाला, तो मी स्वतः वापरते. काम थांबवण्याआधी कागदावर दोन ओळी लिहायच्या: कुठवर आलंय, आणि उद्या पहिलं काय करायचं. एवढं केलं की मन ते काम बऱ्यापैकी सोडतं. चारच्या यादीलाही हा कागद बराचसा आवर घालेल. फोनमध्ये लिहू नका. लिहायला म्हणून फोन उघडाल आणि अर्धा तास तिथेच जाईल.

दुसरं, 'दोन मिनिटं' हे शब्द घरातून हद्दपार करा. मुलीने ते उगाच उचललेले नाहीत. त्यांचा अर्थ तिने कधीच लावला आहे, बाहुलीला तसंच बसवून ती निघून गेली ना! त्याऐवजी खरी वेळ सांगा. 'सव्वासातला उठतो.' अर्धा तास लागणार असेल तर अर्धा तासच सांगा, ते तिला चालेल. आणि सव्वासातला उठा, वाक्य अर्धं असलं तरी. पहिले काही दिवस ती येणार नाही, घड्याळाकडेही बघणार नाही. तुम्ही मात्र ठरल्या वेळी जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसा. खेळ तिला ठरवू द्या. बाहुल्यांना तुमच्या टीमसारखं कामाला लावू नका.

आता साहेब. त्यांना 'नाही' म्हणायची वेळ येण्याआधी गेल्या महिन्यातले रात्रीचे सगळे मेसेज काढा आणि एकेकाला विचारा: याचं उत्तर सकाळी नऊला दिलं असतं तर काय बिघडलं असतं? माझा अंदाज, फार थोडे उरतील. मग साहेबांशी दिवसाउजेडी, समोरासमोर बोला. घरची कहाणी सांगू नका, माफीही मागू नका. एवढंच म्हणा: 'सातनंतर मी मेसेज बघत नाही. तातडीचं असेल तर थेट फोन करा, मी उचलेन.' मेसेज टाकायला काही लागत नाही. रात्री साडेदहाला फोन लावायचा तर माणूस आधी विचार करतो, हे खरंच आत्ता हवंय का? निम्मी गर्दी तिथेच ओसरते. आणि खरोखर फोन आलाच तर उचला, म्हणजे तुमच्या शब्दाला वजन राहील.

हे मागणं काही जगावेगळं नाही. कामाच्या वेळेनंतर कामाशी संपर्क तोडायचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. पोर्तुगालनेही २०२१ मध्ये कायदा करून सुटीच्या वेळात कर्मचाऱ्यांशी संपर्क टाळायचं बंधन मालकांवर घातलं. जिथे असा कायदा नाही तिथे मात्र साहेबाच्या स्वभावावरच भिस्त. तो ऐकणारच नसेल, याचा राग कामावर काढणार असेल, तर शांतपणे दुसरी नोकरी शोधायला लागा. उद्याच राजीनामा द्या असं मी म्हणत नाही, हप्ते मलाही कळतात.

आणि हो, एक विचारायचं राहिलं. तुमच्या हाताखालच्या ११ जणांना रात्री कोण मेसेज पाठवतं? त्याचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तुम्हीच असाल तर उद्यापासून तो मेसेज सकाळची वेळ लावून पाठवा. त्यांच्याही घरी कुणीतरी भिंतीला टेकून बसलेलं असेल.

'मदत' या शब्दावरही थोडं भांडते. घर तुमचंही आहे, मग मदत कुणाला करताय? बायको सांगते ते तुम्ही करत असाल, त्याबद्दल शंका नाही. पण काय करायचंय हे लक्षात ठेवण्याचं काम अजून तिच्याच डोक्यात आहे, आणि माणूस त्यानेच जास्त थकतो. म्हणून एक संपूर्ण खातं उचला. मुलीच्या शाळेचं म्हणा: फी, अर्ज, पालकसभा, लहान झालेले बूट, हरवलेली रंगपेटी. 'काय आणू?' असं बायकोला विचारायचं नाही. तुमच्याकडून चुका होतील, एखादी तारीख हुकेल. हुकू द्या, निस्तरायचीही तुम्हीच. ती आधी अविश्वासाने मागून तपासत राहील, त्याचा राग मानू नका. दोन-तीन महिने तरी लागतील.

सहलीचा मोठा बेत मात्र आत्ता आखू नका. चार दिवसांच्या सहलीने वर्षभराची भरपाई करायची हौस बऱ्याच जणांना येते, आणि हॉटेलच्या खोलीतही लॅपटॉप उघडतोच.

आज रात्री मुलगी झोपली की बायकोला तुमचं पत्र वाचायला द्या. माझं उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पत्राची शेवटची ओळ तिच्याआधी मी वाचली, याचंच मला जरा अवघडल्यासारखं झालंय.

– तुमची ताई