चळवळीच्या गाण्यांतून राज्यघटना शिकवता येईल का?

होय, धुळ्याच्या विधी महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या वर्गासाठी आपण विचारलेली ही पद्धत चालते. मात्र गाणे एकच घ्यावे आणि त्यासमोर एकच अनुच्छेद ठेवावा. याच भागात मी हा विषय शिकवतो आणि नवी राज्ये करण्याचा आणि सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला देणाऱ्या अनुच्छेद ३ साठी अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही संयुक्त महाराष्ट्र चळवळीतली छक्कड (लावणीसारखे शाहिरी गीत) ऐकवतो. तिच्यात डांगचा उल्लेख येताच साक्री-नवापूरकडची मुले मान वर करतात, कारण तो मुलूख त्यांच्या सीमेला लागून असूनही गुजरातेत आहे, आणि ‘हे ठरवले कोणी?’ हा प्रश्न मला विचारावा लागत नाही. मग १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकाकडे यावे: मूळ प्रस्तावात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते, संसदेने मात्र द्वैभाषिक मुंबई राज्य केले. बदललेले विधेयक राज्याच्या विधानमंडळाकडे मतासाठी पुन्हा पाठवणे बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बाबूलाल पराते खटल्यात दिला. अनुच्छेदातील ‘मत’ आणि ‘संमती’ यांतला फरक इथे जितका स्पष्ट होतो, तितका तो नुसत्या व्याख्यानाने होत नाही (निदान माझ्या तरी नाही). गाणे हा मागणीचा पुरावा आहे, कायद्याचा नव्हे. त्यामुळे त्याच तासाला अनुच्छेदाचा मूळ मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा, नाहीतर उत्तरपत्रिकेत छक्कड उतरते आणि परंतुक (विधानमंडळाचे मत घेण्याची अट) राहून जाते.