मोफत ठेवलेले साहित्य सर्वांपर्यंत पोचतेच असे नाही

तुम्ही भौतिकशास्त्राचे चाळीसेक पाठ पीडीएफ आणि व्हिडिओच्या रूपात संकेतस्थळावर ठेवले आहेत, खाली ‘सर्वांसाठी मोफत’ असे लिहिले आहे आणि आता विचारता आहात की, हे साहित्य खरोखर सर्वांना खुले व्हावे यासाठी आणखी काय करावे, अंध वाचकांसाठी वेगळी आवृत्ती काढावी का? वेगळ्या आवृत्तीचा विचार सोडून द्यावा असे मी सुचवीन. कारण पुढे सांगतो. मोफत, खुले आणि सुगम्य या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पैसे न घेणे म्हणजे मोफत. दुसऱ्याला ते साहित्य वापरण्याचा, बदलण्याचा, पुन्हा वाटण्याचा हक्क देणे म्हणजे खुले. आणि वाचणाऱ्याचे डोळे, कान, हात, यंत्र किंवा इंटरनेटचा वेग कसाही असला तरी त्याला ते वापरता येणे म्हणजे सुगम्य. तुमचे पाठ आज फक्त मोफत आहेत.

हक्कांचे काम तुलनेने सोपे आहे. लेखन झाले की त्याचा स्वामित्वहक्क आपोआप लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. त्यामुळे ‘मोफत’ असे लिहूनही, तुमच्या पाठाचा अनुवाद करू इच्छिणाऱ्या शिक्षकाला तुमची परवानगी मागावीच लागते, आणि बहुतेक जण ती न मागता तो विचारच सोडून देतात. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने, म्हणजे वापराची परवानगी आधीच देऊन ठेवणारे तयार परवाने, याच अडचणीवरचा उपाय म्हणून डिसेंबर २००२ मध्ये आले. सध्या त्यांची २०१३ सालची ४.० ही आवृत्ती वापरात आहे. शैक्षणिक साहित्यासाठी मी नेहमी ‘सीसी बाय’ किंवा ‘सीसी बाय-एसए’ सुचवतो. पहिल्यात श्रेय देणे एवढीच मुख्य अट असते. दुसऱ्यात तुमच्या साहित्यात बदल करून ते वाटणाऱ्याने ते त्याच अटींवर वाटायचे असते. ‘एनडी’, म्हणजे बदल केलेले रूप वाटण्यास मनाई असलेला परवाना, लेखकांना सुरक्षित वाटतो, परंतु त्याखाली पाठाचा अनुवादसुद्धा प्रसिद्ध करता येत नाही. ‘एनसी’ या अटीमुळे व्यापारी वापर थांबतो खरा, पण नेमके व्यापारी कशाला म्हणायचे या शंकेने प्रामाणिक माणसेच आधी माघार घेतात. परवाना देण्याआधी नीट विचार करा, कारण एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. आणि तो फक्त तुमच्या स्वतःच्या निर्मितीलाच देता येतो, कुणाच्या पुस्तकातून घेतलेल्या आकृतीला नाही. परवान्याची ओळ प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावरही हवी, कारण फाइल हातोहात पुढे जाते तेव्हा संकेतस्थळ तिच्यासोबत जात नाही.

आता सुगम्यतेकडे येतो, कारण खरे काम तिथे आहे. काही वर्षांपूर्वी मी असेच पाठ प्रसिद्ध केले होते. एका अंध विद्यार्थ्याने ते वापरता येत नसल्याचे कळवले, म्हणून मी त्याच्याशेजारी बसून त्याचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, माझे पान कसे वाचतो ते ऐकले. त्याने ‘एच’ ही कळ दाबली. या कळीने एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाता येते. पानावर एकही मथळा नसल्याचे उत्तर आले, कारण मी मथळे फक्त ठळक आणि मोठ्या अक्षरांत लिहिले होते, मथळा म्हणून त्यांची खूण केलीच नव्हती. मग त्याने दुव्यांची यादी उघडली आणि ‘इथे क्लिक करा’ हे तीन शब्द अकरा वेळा ऐकू आले. शेवटी त्याने पीडीएफ उघडली. ती स्कॅन केलेली होती, म्हणजे तिच्यात अक्षरे नव्हती, पानांची नुसती चित्रे होती, आणि यंत्राने दस्तऐवज रिकामा असल्याचे सांगितले. मी महिनाभर खपून केलेला पाठ त्याच्यासाठी अक्षरशः कोरा होता. त्या दिवसापासून मी आधी रचना करतो आणि मग सजावट.

म्हणून पहिले काम असे की, पाठाचा मजकूर स्कॅनमध्ये न ठेवता वेब पानावर खराखुरा मजकूर म्हणून द्या. पीडीएफ हवी तर त्याच मजकुरातून, मथळ्यांच्या शैली लावून, टॅगसहित (म्हणजे मथळा कुठला, परिच्छेद कुठला या आतल्या खुणांसह) तयार करा. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, हवा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, शोधयंत्राला तो मजकूर सापडत नाही आणि दुसरीकडे चिकटवला की त्याचा कचरा होतो. त्याचबरोबर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचे नोंदवा. ही नोंद नसेल तर कधी इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळून पुढे जातो, आणि चुकून हिंदीची नोंद असेल तर ‘ळ’ आणि ‘च’ यांचे उच्चार बिघडतात.

तुमच्या विषयात आकृत्या आणि समीकरणे फार आहेत, म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. आकृतीला ‘चित्र ३’ असा पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर जो वाचून दाखवतो तो) देणे म्हणजे काहीच न देणे. ‘एका विद्युतघटाला दोन रोध समांतर जोडणीत जोडले आहेत, ॲमीटर मुख्य परिपथात आहे, व्होल्टमीटर दुसऱ्या रोधाच्या दोन टोकांना जोडला आहे’ एवढे लिहिले, तर न पाहणारा विद्यार्थीही गणित सोडवू शकतो. त्याची सुरुवात ‘हे चित्र आहे’ अशी करू नका, ते यंत्र स्वतःच सांगते. आणि शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवा, म्हणजे यंत्र ते ओलांडून पुढे जाते. समीकरणे चित्रांऐवजी मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेब पानावर गणित लिहिण्याच्या संकेतभाषेत, दिली तर ती वाचूनही दाखवता येतात आणि अक्षर मोठे केले तरी फाटत नाहीत.

व्हिडिओंना मथळपट्टी, म्हणजे कॅप्शन, हवीच. यंत्राने आपोआप केलेली तशीच सोडू नका, पारिभाषिक शब्दांत ती हमखास चुकते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलण्याची पद्धत. फळ्यावर बोट ठेवून ‘हे इथून असे जाते’ म्हणण्याऐवजी ‘प्रकाशकिरण हवेतून काचेत शिरताना स्तंभिकेकडे झुकतो’ असे म्हटले, तर वेगळे वर्णन जोडावे लागत नाही आणि पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते अधिक स्पष्ट कळते.

बाकीच्या बाबतीत डब्ल्यूसीएजी ही वेब साहित्याच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे हाताशी ठेवा. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ची आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ची आहे. त्यातील ‘एए’ ही मधली पातळी गाठली तरी पुष्कळ झाले. उदाहरणार्थ, साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ४.५ : १ इतका तरी फरक हवा, पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे देण्याची जी रूढी आहे ती इथेच अडते, वेबवर ७७७७७७ या क्रमांकाने ओळखला जाणारा करडा रंगसुद्धा ४.४८ पर्यंतच पोचतो. माउस बाजूला ठेवून केवळ ‘टॅब’ आणि ‘एंटर’ने पूर्ण पान वापरता येते का, हेही पाहा. स्वयंचलित तपासणी साधने जरूर वापरा, मात्र पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच ती सांगतात, तो अर्थपूर्ण आहे की नाही हे सांगू शकत नाहीत.

वेगळी आवृत्ती मला का नको वाटते, तेही सांगतो. मूळ पाठातली चूक तुम्ही सुधारता, वेगळ्या आवृत्तीत ती राहून जाते. सहा महिन्यांत दोन्हींत अंतर पडते आणि ज्यांना अचूक मजकुराची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच हाती शिळा मजकूर येतो. शिवाय मथळे, खरा मजकूर आणि हलके पान यांचा उपयोग मंद इंटरनेटवर छोट्या मोबाइलवरून वाचणाऱ्यालाही तितकाच होतो.

चाळीस पाठ एकदम हाती घेऊ नका. सर्वांत जास्त वाचला जाणारा एक पाठ निवडा, स्कॅनमधला मजकूर पुन्हा टंकून घ्या, मथळे आणि पर्यायी मजकूर द्या, परवाना लावा आणि त्याचा दुवा इथे टाका. मी तो स्क्रीन रीडरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकेन आणि जिथे अडेल ती जागा वाक्यासह कळवीन.