'सवलत मिळवा' का खटकते?

प्रश्न असा आहे: जाहिरातींत 'सवलत मिळवा', 'मोफत भेट मिळवा' असे सर्रास दिसते आणि कानाला खटकते. ही चूक आहे का, आणि त्याऐवजी काय लिहावे?

व्याकरणाची चूक नाही. 'मिळणे' आणि 'मिळवणे' यांतला फरक मात्र हरवला आहे. 'मला बक्षीस मिळाले' यात देणारा कोणी दुसरा असतो, माझ्याकडे फक्त येणे. 'तिने शिष्यवृत्ती मिळवली' म्हटले की मेहनत आली. 'वशिल्याने नोकरी मिळवली' यातही खटपट आहेच, भले ती वाकड्या वाटेची असो. घरातल्या कमावत्या माणसाला 'मिळवता' म्हणतात ते याच अर्थाने. (गणितात 'पाचात तीन मिळवा' म्हणजे बेरीज, तो धागा वेगळा.) म्हणून 'मोफत भेट मिळवा' हे ऐकताना वाचक अडखळतो: भेट तुम्ही देणार, मग मी खटपट कशाची करायची?

हे क्रियापद बहुधा भाषांतरातून शिरते. हिंदीतल्या 'पाना'त मिळणे आणि मिळवणे दोन्ही सामावतात, मराठीत ती दोन क्रियापदे आहेत. मजकूर हिंदीवरून उतरवताना घाईत दुसरे उचलले जाते.

पहिला उपाय म्हणजे क्रियापद काढून टाकणे. 'दुसऱ्या खरेदीवर 20 टक्के सवलत' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. अट असेल तर 'तीन घ्या, चौथे मोफत'. क्रियापद हवेच असेल तर 'मिळेल' आणि 'देऊ' यांत नीट निवड करा. 'दोन दिवसांत घरपोच मिळेल' यात जबाबदारी कोणाची ते धूसर राहते, 'दोन दिवसांत घरपोच देऊ' म्हटले की विक्रेता शब्दात अडकतो. काही कंपन्यांना 'मिळेल' आवडते ते बहुधा याचमुळे. आणि 'मिळवा' हद्दपार करायचे कारण नाही; 'अभ्यासक्रम पूर्ण करा, प्रमाणपत्र मिळवा' हे चोख आहे, कारण तिथे खरोखर काम करावे लागते.

अ‍ॅपमधल्या बटणावर नुसते 'मिळवा' सर्वांत वाईट, दाबल्यावर काय होणार ते त्यातून कळतच नाही. 'कूपन लावा' लिहा आणि दाबताच रक्कम कमी झालेली दाखवा. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांब ओळ अरुंद पडद्यावर तुटली की नेमके तेच गळते: 'सवलतीसाठी आजच नोंदणी…'. बटणाला दोन शब्द पुरे, बाकीचे वर मथळ्यात.

चौकटीत खूण करायला लावणाऱ्या वाक्यात 'मी अटी मान्य करतो' लिहिले की निम्मे ग्राहक वगळले जातात, आणि 'करतो/करते' हे दिसायला ओंगळ. 'मला अटी मान्य आहेत' लिहिले की प्रश्नच उरत नाही. 'मी अटी वाचल्या आहेत' हेही चालते, कारण तिथे क्रियापदाचे रूप 'अटी'प्रमाणे ठरते, वाचणाऱ्याप्रमाणे नाही.

'50 टक्क्यांपर्यंत सूट' या ओळीत मांडणीकार आकडा मोठा करतो, शब्दाऐवजी टक्क्याचे चिन्ह टाकतो आणि 'पर्यंत' बारीक अक्षरात खालच्या ओळीवर ढकलतो. वाचणारा सरसकट 50 टक्के धरतो आणि पैसे भरताना भांडतो. 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय आहे, ते आधीच्या शब्दाला चिकटूनच छापावे, त्याच ओळीत आणि त्याच आकारात.