७२ वर्षांच्या आईला हलक्या व्यायामाच्या वर्गाचा खरंच उपयोग होईल का?

हो, होईल, आणि मुख्य फायदा म्हणजे तिचा पडण्याचा धोका कमी होईल. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण वर्ग कोणता, हे महत्त्वाचं. नुसतं खुर्चीत बसून हात फिरवल्याने सांधे मोकळे होतात, तोल फारसा सुधारत नाही. वर्गात निदान एवढं असावं:

– हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं
– आधाराजवळ एका पायावर उभं राहणं
– टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालणं

ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) शिकवणारं कोणी जवळ असेल तर तेही उत्तम. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढे असा तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून ३ किंवा जास्त दिवस सुचवते. त्यामुळे फक्त रविवारचा वर्ग पुरणार नाही. एकच सांभाळा: हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून खोल वाकण्याची आसनं टाळायला हवीत. डॉक्टरांना आधी विचारा आणि शिकवणाऱ्यांनाही तसं सांगून ठेवा.