वाचकांचे प्रश्न : अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनातील तेलगळती

प्रश्न : माझ्याकडे 1984 सालची अ‍ॅम्बॅसेडर मार्क 4 आहे. पेट्रोल इंजिन मूळचेच, 1489 सीसीचे आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की बेलहाउसिंगच्या (इंजिन व गिअरबॉक्स यांमधील, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) खाली तेलाचा तळहाताएवढा डाग पडतो. चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचे, पॅकिंग दोन वेळा बदलून झाले, तरी फरक पडला नाही. आता मिस्त्री म्हणतात की क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गेले आहे आणि त्यासाठी इंजिन उतरवावे लागेल. हा खर्च करावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : इंजिन उतरवण्याचा निर्णय तूर्त बाजूला ठेवावा. त्याचे पहिले कारण असे की आपल्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला, आज ज्याला ऑइल सील म्हणतात, तशी वस्तूच नाही. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज घराण्यातले आहे. 1955 साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत याच घराण्यातले 1489 सीसीचे इंजिन होते आणि पुढे उत्तरपाड्याच्या कारखान्यात ते अ‍ॅम्बॅसेडरसाठी अनेक दशके बनत राहिले. त्यात शेवटच्या मेन बेअरिंगच्या मागे क्रँकवरच एक आटा कोरलेला असतो. गिरमिट फिरताना भुसा जसा एका दिशेने सरकत जातो, तसे क्रँक फिरत असताना या आट्यात आलेले तेल पुढे ढकलले जाते आणि बेअरिंगच्या टोपीखालून चेंबरमध्ये परत पडते. आटा आणि त्याभोवतीचे भोक एकमेकांना टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये काही सहस्रांश इंचाची फट मुद्दामच ठेवलेली असते. इंजिन बंद झाले की ही व्यवस्थाही थांबते आणि गरम, पातळ झालेले थोडे तेल त्या फटीतून मागे उतरते. मिस्त्रींना दोष देण्याचे कारण नाही, कारण नंतरच्या बहुतेक इंजिनांत तेथे रबरी सील असतेच आणि हाताला तीच सवय लागलेली असते.

यावरून दोन गोष्टी निघतात. बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकातून, इंजिन गरम असताना बंद केल्यावर, चार थेंब पडणे हा या इंजिनाचा स्वभाव आहे, तो बिघाड नव्हे. तेलाच्या साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो. म्हणजे रोज रात्री 10 थेंब पडले तरी वर्षभरात जाणारे तेल 200 मिलिलिटरच्या आतच राहते. आपला डाग तळहाताएवढा आहे म्हणून तो मोठा वाटत असेल, पण गुळगुळीत फरशीवर 1 मिलिलिटर तेलही बरेच पसरते. डिपस्टिकवरची पातळी एका महिन्यात किती खाली जाते, हे डागापेक्षा अधिक खरे सांगते. पातळी भराभर उतरत असेल आणि जमिनीवर मात्र थोडेच तेल दिसत असेल, तर उरलेले तेल एक तर जळत आहे किंवा गाडी चालताना उडून जात आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बेलहाउसिंगखाली तेल पडते, एवढ्यावरून ते तेथूनच निघते असे म्हणता येत नाही. तेल वरून खाली उतरते, पंख्याच्या व चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते, चेंबरच्या कडेकडेने वाहत जाते आणि जेथे सर्वांत खालचा, सर्वांत मागचा कोपरा मिळेल तेथे थेंब होऊन लोंबते. या इंजिनात तो कोपरा नेमका बेलहाउसिंगपाशी येतो. त्यामुळे इंजिनाच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्ह कव्हरपासून खालपर्यंत कोठेही झिरपले तरी डाग तेथेच पडणार, आणि चेंबरचे पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी तो तसाच राहणार.

म्हणून आधी इंजिन धुवावे. केरोसीन आणि ब्रश यांनी वर्षानुवर्षांचा काळा थर खरवडून काढावा. डिस्ट्रिब्यूटर आणि कार्ब्युरेटर प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून मग पाणी मारावे आणि सर्व भाग पूर्ण वाळू द्यावेत. केरोसीनचा अंशही उरलेला असताना इंजिन सुरू करू नये, कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लवकर तापतो. वाळल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकावा. इंजिन जागेवर दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करावे आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरपासून खालपर्यंत पाहावे. पावडरीवर ओली रेघ उमटते आणि तिचे वरचे टोक म्हणजे गळतीचे मूळ. जागेवर काहीच दिसले नाही तर पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारून पुन्हा पाहावे, कारण काही गळत्या रस्त्यावरच्या वेगाशिवाय प्रकट होत नाहीत. अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग तेलात मिसळण्याची पद्धतही चांगली आहे, पण इंजिन स्वच्छ नसेल तर त्या दिव्याखाली सगळेच चमकते. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेतच.

आपल्या वर्णनावरून माझा पहिला संशय टॅपेट कव्हरवर आहे. या इंजिनाच्या एका बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, पत्र्याची दोन कव्हरे असतात. प्रत्येकी मधोमध एका बोल्टने आवळलेली आणि आत कॉर्कचे पॅकिंग असलेली. जागा अडचणीची आणि तापलेली असल्याने तेथे कोणी बघत नाही. वर्षांनंतर कॉर्क भाजून कडक होते, तेल झिरपू लागते, मग कोणीतरी तो एकमेव बोल्ट जोर लावून आवळतो, पत्रा मध्ये आत दबतो, कडा बाहेर उचलल्या जातात आणि गळती वाढते. तेथून निघालेले तेल ब्लॉकच्या अंगावरून चेंबरच्या कडेला आणि तिथून मागे जाते. पाहणाऱ्याला ते क्रँकच्या मागून आल्यासारखेच दिसते. कव्हर काढून सपाट काचेवर ठेवावे, वाकले असेल तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करावे, नवे कॉर्क कव्हरच्या बाजूला चिकटवावे आणि ब्लॉकच्या बाजूला फक्त ग्रीसचा हात द्यावा.

व्हॉल्व्ह कव्हर आणि चेंबर यांनाही हाच नियम लागू होतो. बी-सीरीजचेच इंजिन असलेल्या एमजीबी गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत व्हॉल्व्ह कव्हरच्या नटांसाठी 4 फूट-पाउंड आणि चेंबरच्या बोल्टांसाठी 6 फूट-पाउंड एवढाच जोर सांगितला आहे. हे आकडे इतके लहान आहेत की लांब दांड्याचा पाना हाती घेताच ते ओलांडले जातात. चेंबरच्या कडेला प्रत्येक बोल्टाभोवती खळगा पडला असेल, तर नवे पॅकिंग टाकण्याआधी ती कड ठोकून सपाट केली पाहिजे. आपल्याकडे दोन्ही वेळा हे झाले होते का, ते विचारावे. चेंबरच्या पुढच्या व मागच्या टोकाला बेअरिंगच्या टोप्यांच्या खाचेत कॉर्कच्या पट्ट्या बसतात, त्या खाचेच्या वर किंचित उठलेल्या हव्यात. बाजूचे पॅकिंग नवे आणि या पट्ट्या जुन्याच, असा प्रकार मी पुष्कळ इंजिनांत पाहिला आहे.

यांपैकी काहीही उघडण्याआधी मात्र इंजिनाचा श्वास तपासावा. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये उतरतो आणि त्याला बाहेर जाण्यासाठी पुढच्या टॅपेट कव्हरवरून ब्रीदरची नळी काढलेली असते. ही नळी गाळाने तुंबली की आतला दाब वाढतो आणि जो सांधा सर्वांत कमजोर असेल त्यातून तेल बाहेर ढकलले जाते. क्रँकमागचा आटा तर या दाबापुढे अगदीच निरुपाय होतो, कारण त्याच्याकडे अडवायला काही नाही, फक्त परत ढकलायला आहे. नळी काढून केरोसीनमध्ये भिजवून, तार फिरवून मोकळी करावी. व्हॉल्व्ह कव्हरकडून एअर क्लीनरकडे जाणारी नळी असल्यास तीही. या कामाला जवळपास काहीच खर्च येत नाही, आणि माझ्या मते जुन्या इंजिनांच्या गळतीवर एवढा स्वस्त व एवढा दुर्लक्षित उपाय दुसरा नाही.

ब्रीदर मोकळा असूनही ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर जोराने धूर आणि वारा येत असेल, तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा स्पष्ट वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि अशा वेळी नुसती पॅकिंगे बदलत राहणे म्हणजे पैसे घालवणे.

एवढे करूनही बाहेरचा सर्व भाग कोरडा असेल आणि तेल बेलहाउसिंगच्या आतूनच येत असेल, तर ते इंजिनाचे की गिअरबॉक्सचे, हे ठरवावे. गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल भरलेले असेल तर त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. वासावरून नक्की होत नसेल तर दोन्हीकडील पातळी पाहावी. इंजिनाचेच तेल असेल, क्लच घसरत किंवा थरथरत असेल आणि पातळी खरोखर भराभर उतरत असेल, तरच इंजिन उतरवण्याला अर्थ आहे. तेव्हाही नुसते पॅकिंग बदलून भागत नाही. मेन बेअरिंग झिजले की क्रँक किंचित खाली बसतो, आट्याभोवतीची फट वर मोठी व खाली नाहीशी होते; म्हणून बेअरिंगांची मापे घेऊन, जरूर पडल्यास क्रँक ग्राइंड करून, मागची टोपी ब्लॉकला नीट सीलंट लावूनच बसवली पाहिजे. एमजीएच्या इंजिनासाठी आटा बाजूला ठेवून रबरी सील बसवण्याचे संच परदेशात मिळतात, पण त्यांना लागणारी अचूकता पाहता रोजच्या वापराच्या गाडीसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्या अ‍ॅम्बॅसेडरलाही हेच इंजिन आहे. पुढच्या पुलीजवळून तेल उडते आणि फॅन बेल्ट भिजतो. टायमिंग कव्हरचे सील नवे टाकले, पण महिन्याभरात पुन्हा गळू लागले. सील निकृष्ट असेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : असू शकेल, पण बहुधा सील जागेवर मध्यभागी बसलेले नाही. टायमिंग कव्हर पत्र्याचे असून त्याच्या बोल्टांच्या भोकांत थोडी ढिलाई असते. कव्हर आधी घट्ट आवळले आणि मग पुली आत सारली, तर सील एका बाजूला दाबले जाते आणि दुसरीकडे फट राहते. योग्य क्रम असा की बोल्ट ढिले ठेवावेत, पुलीच्या दांड्याला तेल लावून ती सीलमधून जागेवर बसवावी, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येते, आणि त्यानंतर बोल्ट आळीपाळीने आवळावेत.

पुली हातात असताना तिचा दांडा नखाने चाचपून पाहावा. जुन्या सीलने तेथे खोबण पाडली असेल तर नवे सील त्याच खोबणीत बसून गळणारच. लेथवर दांडा साफ करून त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी, किंवा कव्हरमध्ये जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत सरकवून बसवावे, म्हणजे त्याची ओठासारखी कड दांड्याच्या न झिजलेल्या भागावर येते. पुली क्रँकवर पक्की धरणाऱ्या किल्लीच्या खाचेतूनही तेल बाहेर येते; तेथे सीलंटचा ठिपका पुरेसा आहे.

सीलच्या आत क्रँकवर तेल भिरकावणारी एक बशीसारखी चकती असते, ती उलटी बसली तर सीलवर तेलाचा मारा होतो. मूळच्या फेल्ट सीलच्या रचनेत या चकतीची खोलगट बाजू इंजिनापासून दूर, म्हणजे रेडिएटरकडे असावी लागते. नंतरच्या चकतीवर पुढच्या बाजूला इंग्रजी एफ हे अक्षर ठोकलेले असते. जुने कव्हर आणि नवी चकती अशी सरमिसळ टाळावी. पहिल्या उत्तरात सांगितलेला ब्रीदर आपणही पाहावाच. तेलात भिजलेला बेल्ट पुसून वापरू नये, तो घसरतो आणि लवकर चिरतो.

प्रश्न : गळती थांबवणारे जे द्रव बाजारात मिळते, ते तेलात घातले तर चालेल का? किंवा जाड तेल वापरावे का? गाडी महिन्यातून एखाद्या रविवारीच निघते.
— एक वाचक, पणजी

उत्तर : अशी द्रवे कडक झालेले रबर मऊ करून किंचित फुगवतात. आपल्या इंजिनात बहुतेक सांधे कॉर्कचे आणि मागे नुसता आटा. तेथे या द्रवाला करण्यासारखे काही नाही. तेलाच्या बाबतीत 20डब्ल्यू-50 दर्जाचे तेल या इंजिनाला योग्य आहे. नव्या गाड्यांचे 5डब्ल्यू-30 सारखे पातळ तेल घातल्यास प्रत्येक जुना सांधा अधिक झिरपेल, आणि 20डब्ल्यू-50 पेक्षा फार जाड तेल घातल्यास थंड इंजिनात ते वरपर्यंत पोहोचण्यास वेळ लागून बेअरिंगे झिजतील.

क्वचित चालणाऱ्या गाडीत कॉर्क वाळून आकसते. नवे पॅकिंगही दुकानात वर्षानुवर्षे पडून लहान झालेले असू शकते. ते काही वेळ पाण्यात भिजवले की पुन्हा मापात येते आणि मग बसवताना तुटत नाही. सिलिकॉन सीलंटचा मात्र जाड थर देऊ नये, कारण आतल्या बाजूला निघालेली त्याची दोरी सुटून चेंबरमधल्या तेलाच्या गाळणीवर जाऊन बसते. गाडी काढाल तेव्हा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी. दारातच पाच मिनिटे सुरू ठेवून बंद केल्याने, विशेषतः पावसाळ्यात, आत पाणी साचते आणि ब्रीदरमध्ये पांढरट लोण्यासारखा गाळ जमतो. उतारावर उभी करायची झाल्यास मागची बाजू खाली येऊ देऊ नये, तेल क्रँकच्या मागच्या टोकाकडे जाते. गळते आहे म्हणून जास्तीचे तेल भरून ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडावी. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे गेलेले तेल आधी बाहेर पडते.